अडीचचं पाणी

मी काय काम करते याबद्दल माझी आई कोणालाही खोटं सांगत नाही. ती फक्त वाक्य लवकर संपवते. ‘लॅबमध्ये आहे,’ एवढं म्हणून चहा टाकायला उठते. समोरचा माणूस मग आपापल्या कल्पनेप्रमाणे लॅब उभी करतो. कोणाला रक्त तपासणारी दिसते, कोणाला कारखान्यातली. मला बघायला आलेल्या एका घरच्यांनी तर दोन तास मला डॉक्टर समजून वागवलं, आणि निघताना मुलाच्या आत्याने मला आपला गुडघा दाखवला. गुडघ्यातलं मला काही कळत नाही. पण तसं सांगायलाही तोंड उघडावं लागतं. मी वाकून गुडघा पाहिला आणि मान हलवली. पुढे त्यांना खरं कळलं असावं, कारण पुन्हा फोन आला नाही.

खरं म्हणजे मी शहराचं सांडपाणी तपासत होते. भिलाईच्या कडेला एक लहानसा प्लांट आहे. घराघरांतलं वापरलेलं पाणी जाड पाइपांतून तिथे येतं, जाळीतून जातं, हौदात हवेने घुसळलं जातं, मग एका मोठ्या गोल टाकीत शांत ठेवतात. गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं पाणी काठावरून चरात पडतं, तिथे क्लोरीन घालतात आणि ते नाल्यात सोडतात. नाला पुढे नदीला जाऊन मिळतो. माझं काम शेवटच्या चरातल्या पाण्याचं. रोज एक बाटली माझ्या टेबलावर यायची, मी तिच्यातलं पाणी गाळायची, गाळलेला कागद भट्टीत वाळवून वजन करायची, बाकीच्या तपासण्या करायची, आणि महिन्याच्या शेवटी तक्त्याखाली सही करायची. तक्त्यात एका रकान्यात मर्यादा असायची, शेजारी आमचा आकडा. दोन वर्षं आमचा आकडा मर्यादेच्या आत होता. शाळेतही मी इतकी सलग पास झाले नव्हते.

शाळा इंग्रजी माध्यमाची. प्लांटवर हिंदी, घरी मराठी. अशी मला तीन तोंडं होती आणि तिन्ही बहुतेक वेळ बंद असायची. मराठी लिहायला तर मी फार उशिरा शिकले, बाबांच्या कपाटातल्या पुस्तकांवरून, त्यामुळे मी लिहिते ती मराठी आणि घरात बोलते ती मराठी यांची एकमेकींशी फारशी ओळख नाही.

बाबा विदर्भातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि सगळी नोकरी त्यांनी रेल्वेचे रूळ तपासण्यात काढली. हातात खडू. चांगल्या रुळावर एक खूण, खराब रुळावर दुसरी. त्यांनी पास केलेला एकही रूळ परत आला नाही, हे आमच्या घरात जेवताना पाण्याच्या तांब्यासारखं रोज मध्ये ठेवलेलं असायचं. रिटायर झाल्यावर पहिले तीन महिने त्यांनी घर तपासलं. पंखे, दारं, आईची पोळी. आईने मग त्यांच्या एका जुन्या सोबत्याला निरोप पाठवला की यांना काहीतरी काम द्या, नाहीतर मी माहेरी जाते. त्या सोबत्याची नाल्याच्या काठाला जमीन होती, आमच्या प्लांटच्या थोडं खाली. त्यातली एक पट्टी त्याने बाबांना भाजी लावायला दिली.

त्यामुळे सकाळचा बेत सोयीचा झाला. बाबा नऊच्या सुमारास मला स्कूटरवर प्लांटच्या फाटकात सोडायचे, आणि तसेच पुढे पट्टीवर जाऊन नाल्यात पंप टाकायचे. पालक, लाल भाजी, मुळे, कोथिंबीर. अकरापर्यंत पाणी देऊन घरी. बाबांना त्या पाण्याचं फार कौतुक.

“सकायच्या पाण्याले लय ताकद आहे,” ते म्हणायचे. “संध्याकायी देऊन पाह्यलं मी, तशी तरतरी नाही येत. सकायचं पाणी पेलं की भाजी उभीच होते.”

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. पाण्याला ताकद कशाने येते हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

भाजी इतकी यायची की आम्हा तिघांनी ती संपवणं शक्य नव्हतं. विकायचं बाबांच्या डोक्यातही आलं नाही. ते टोपली भरून कोहका वस्तीतल्या आमच्या घराच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला जुडी द्यायचे. रविवारी वंदनेनंतर विहारात वाटायचे. पण लोक घेईनात. सुरुवात समोरच्या मावशींनी केली. मावशी भंडाऱ्याकडच्या, शेतीवाल्या घरातल्या, त्यांचे यजमानही कारखान्यातच होते. भाजी हातात घेऊन उलटीपालटी करून त्यांनी विचारलं,

“पाणी कोनतं देता, भाऊजी?”

“नाल्याचं.”

“अगं माय! नालीचं?” त्यांनी जुडी टोपलीत परत ठेवली, आणि हात पदराला पुसला. “नाई बापा. आमी नाई खात.”

“नालीचं नाही, बाई. प्लांटमधून साफ होऊन येते. माही पोरगीच तपासते.”

“तपासते तं कागद असन ना काही?”

हा प्रश्न बाबांना मनापासून आवडला. उभी हयात ज्या माणसाने कागदाशिवाय एक लोखंडाचा तुकडा पुढे जाऊ दिला नाही, त्याला कोणीतरी त्याच्याच भाषेत विचारलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला तपासणीच्या तक्त्याची प्रत मागितली. मी आणून दिली. ती गुप्त नव्हती. मागितली नव्हती म्हणून कोणाला दिली नव्हती, इतकंच. बाबांनी ती लॅमिनेट केली, दोन भोकं पाडली आणि सुतळीने फाटकाला बांधली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आता माझी सही दाराशीच भेटायची. आई दोन वर्षं जे वाक्य अर्ध्यावर संपवत होती, ते बाबांनी पूर्ण करून टांगून ठेवलं.

लोक कागदापाशी थांबायचे. कागद इंग्रजीत होता, बारीक अक्षरात, आणि खाली शिक्का होता. वाचायचं कोणी नाही. पण लोक भाजी न्यायला लागले. मावशीही. पंधरा दिवसांत टोपली दहा मिनिटांत रिकामी व्हायला लागली, आणि विहारात ‘तपासलेली कोथिंबीर’ असं तिचं नाव पडलं. गल्लीत एक सून पोटुशी होती, तिच्या सासूने खास सांगून मुळे नेले. बाबा सरळ ताठ बसायला लागले. त्यांना पुन्हा ड्यूटी लागली होती.

आता बाटलीबद्दल. ती रोज माझ्या टेबलावर आणून ठेवणारे एक कका होते. छत्तीसगढीत काकाला कका म्हणतात, प्लांटवर सगळे त्यांना तेच म्हणत. साठीला आलेले, हडकुळे, अतिशय स्वच्छ. दुपारी पावणेतीनला दार हळूच ढकलून ते बाटली ठेवायचे, ती फडक्याने बाहेरून पुसलेली असायची, आणि म्हणायचे, “मैडम, पानी.” असं की जणू मला तहान लागली आहे. पाणी असायचंही तसंच, नितळ. मी दोन वर्षं मनातल्या मनात प्लांटचं कौतुक केलं.

एकदा कका तीन दिवस सुटीवर गेले. त्यांना नात झाली होती, तिची छठ्ठी, म्हणजे सहाव्या दिवसाची पूजा होती. बाटली आणायला दुसऱ्या कोणाला सांगायचं तर बोलावं लागणार, म्हणून मी स्वतःच गेले. सकाळी दहा वाजता, कारण सकाळी मला दुसरं काम नव्हतं. दोन वर्षांत त्या चरापर्यंत मी दोनदा गेले असेन, तीही पाहुण्यांच्या मागे मागे.

गोल टाकीच्या काठावरून तपकिरी पाणी पडत होतं. टाकीच्या तळातून गाळ ढगांसारखा वर येत होता आणि पाण्याबरोबर काठ ओलांडून चरात, चरातून नाल्यात चालला होता. बाटली भरली तेव्हा तिच्यातलं पाणी बिघडलेल्या चहासारखं दिसलं. मला वाटलं, काहीतरी फुटलं. मी धावत, म्हणजे माझ्या मानाने धावत, ऑपरेटरकडे गेले. तो मोबाइल पाहत होता.

“पानी गंदा जा रहा है,” मी म्हटलं.

“हाँ, जाता है,” तो म्हणाला. “रोज जाता है मैडम. नौ से ग्यारह, साढ़े ग्यारह. पूरा सहर एक साथ नहाता है ना, टंकी इतना झेल नहीं पाती. दोपहर में देखना आप, काँच जैसा!”

दुपारी अडीचला मी पुन्हा गेले. काचेसारखं होतं. मी दोन्ही बाटल्या गाळल्या, दोन्ही कागद वाळवले. दुपारचा कागद जवळजवळ पांढरा राहिला. सकाळचा तंबाखूच्या रंगाचा झाला. वजन मर्यादेच्या इतकं वर गेलं की मी तराजूच खराब समजून पुन्हा शून्यावर आणला आणि पुन्हा मोजलं. तराजू बरा होता.

आणि तेव्हाच, अगदी त्या तराजूसमोर, मला बाबांचा पंप आठवला. नऊ ते अकरा.

कका परत आले ते डबा घेऊन. छठ्ठीची खारी ठेठरी आणि गोड खुरमी होती. मी खुरमीचा तुकडा हातात धरून त्यांना विचारलं की नमुना अडीचलाच का भरता. कोणी सांगितलंय?

“कोई नहीं बोला, मैडम.” ते थोडे लाजले. “मैं खुद देखता हूँ. सुबह से दो-चार बार जा के देखता हूँ, जब एकदम बढ़िया होता है तभी भरता हूँ. ऊपर-ऊपर का.”

“पण दहाचं पाणी?” मी हिंदीत विचारायचं विसरले. त्यांना कळलं.

“दस बजे का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जमिनीवर सांडलेला भात मागितला. “वो आपके लायक थोड़े है! इतने साफ़ लैब में वो गंदगी ला के का करबो? मसीन ख़राब हो जाही.”

कका खोटं काही करत नव्हते. कोणी त्यांना शिकवलं नव्हतं, कोणी लालूच दाखवली नव्हती. कोणाला पाणी द्यायचं असेल तर चांगलं द्यावं, तांब्या पुसून द्यावा, इतकाच त्यांचा हिशेब. दोन वर्षं ते माझ्या लॅबला पाहुणी समजत होते. आणि मी तशीच वागत होते. समोर आलेलं पाणी कुठून आलं हे पाहुणी विचारत नाही.

मी इनचार्जकडे गेले. जाण्याआधी वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. इनचार्ज सभ्य माणूस होता, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, त्याने दोन्ही कागद पाहिले आणि पंखा कमी केला, उडू नयेत म्हणून.

“नमुना किती वाजता घ्यायचा, हे कुठे लिहिलंय का?” त्याने हिंदीत विचारलं.

“नाही.”

“मग आपण काही मोडलं नाही.”

“पण पाणी…”

“पाण्याचं मला माहीत आहे. दुसरी टाकी लागेल हे मी इथे आल्यावर आठवड्यातच सांगितलं होतं. वरचे म्हणाले, रिपोर्ट तर पास येतोय.” तो हसला, पण हसणं आनंदाचं नव्हतं. “आता अचानक नापास झालो तर विचारतील, दोन वर्षं काय करत होता? आणि तक्त्यावर साइन तुमची आहे.”

हे त्याने धमकीसारखं म्हटलं नाही. वाढदिवसाच्या तारखेची आठवण करून द्यावी तसं म्हटलं.

त्या रात्री घरी पालकाची भाजी होती, आणि वरणावर कोथिंबीर. मी ठरवून बसले होते की सांगायचं.

“बाबा, कोथिंबीर कच्ची नका खात जाऊ.”

“कावून?”

“अशीच. पावसाळी हवा आहे.”

“तुयंच पाणी आहे ते, बेटा,” बाबा म्हणाले आणि चिमूटभर आणखी घेतली. “आपल्याच पाण्याले घाबरतं का माणूस?”

“कावून मागे लागले तिच्या? नसन आवडत,” आई म्हणाली. “शिकलेल्या पोरी कच्चं नाही खात.”

बाबांना मग रूळ आठवले. लोखंडाच्या ज्या ओतीव ठोकळ्यातून रूळ काढतात त्याला वरचं टोक असतं, सगळा मळ, सगळी पोकळी त्या टोकाला गोळा होते, म्हणून नमुना घ्यायचा तो त्याच टोकाचा. “चांगल्या ठिकाणचा तुकडा तं कोनीबी पास करते,” बाबा म्हणाले. “जिथं सडलं असन तिथं पाह्यचं. तिथं पास, तं सगया रूळ पास.” हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. इतकं, की कधी ऐकलंच नव्हतं. माझा घास तोंडापर्यंत आला होता तो मी ताटात परत ठेवला. आईला वाटलं मीठ कमी आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवर सगळं सांगितलं. ककांचं, टाकीचं, सकाळच्या ताकदीचं, गल्लीतल्या पोटुश्या सुनेचं. एकही गोष्ट गाळली नाही. बाबांच्या कानावर हेल्मेट होतं आणि शेजारून ट्रक जात होते. चौकात लाल दिवा लागला तेव्हा त्यांनी मान वळवली.

“काई म्हटलं का?”

“नाही,” मी म्हटलं.

मला त्या दिवशी स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. मी भित्री आहे असं मला वाटत नव्हतं; मी अबोल आहे असं वाटायचं, आणि अबोल असणं चांगल्या घरच्या मुलीला शोभून दिसतं. आता मला कळलं की भिलाईत पंधरावीस घरं रोज जे खात होती त्याबद्दल मी अबोल होते.

तोंडाने जमत नाही तर सहीने करावं, असं मी ठरवलं. महिन्याचे उरलेले सगळे नमुने मी सकाळी दहाला घेतले. स्वतः जाऊन, चहाच्या रंगाचे. कका तरीही आपली अडीचची बाटली आणून ठेवत, पुसून, आणि माझ्या बाटलीकडे बघून तोंड फिरवत. महिना संपला तेव्हा तक्ता नापास होता. मी सही केली. इनचार्जने तो दोन दिवस टेबलावर ठेवला. मग, त्याचं मला आजही कौतुक वाटतं, त्याने तो वर पाठवला. सोबत पत्र जोडलं: नमुना घेणारी व्यक्ती बदलल्यामुळे निकालांत फरक दिसत आहे. दोन वर्षांत शहराच्या पाण्यात पहिल्यांदाच एक दोष सापडला होता, आणि तो मी होते.

त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, “नवा कागद आन बाई. जुना उन्हानं उडाला. लोक म्हणतीन, जुन्या कागदावर माल देऊन राहिला.”

नवा कागद माझ्या पिशवीतच होता. मी तो दिला. त्यासोबत एका पाकिटातून ते दोन गोल कागदही दिले, पांढरा आणि तंबाखूच्या रंगाचा. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच उभी राहिले.

बाबांना इंग्रजी फार येत नाही, पण मर्यादा एकीकडे आणि आकडा दुसरीकडे, असा तक्ता त्यांना झोपेतही वाचता आला असता. मग त्यांनी हाक मारली.

“हा कोनता कागद?”

“सकाळच्या दहाच्या पाण्याचा.”

“अन् हा पांढरा?”

“दुपारच्या अडीचच्या. आधीचा सगळा तक्ता अडीचचा होता, बाबा. कका चांगलं पाणी निवडून आणायचे.”

“निवडून?”

“त्यांना वाटायचं, लॅबमध्ये घाण कशी न्यायची.”

बाबा हसतील असं मला क्षणभर वाटलं. ते हसले नाहीत.

“मी पंप सकायी टाकतो,” ते म्हणाले. मग, “तुले ठाऊक होतं?”

“महिना झाला.”

“अन् त्याच्या आधी? बाटली कुठून भरली, कवा भरली, तू जाऊन पाह्यलं?”

“नाही.”

“मंग सही कावून केली?”

हा प्रश्न माझ्या तोंडी परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. बाबांनी तंबाखूच्या रंगाचा कागद उजेडात धरला, नखाने जरा खरवडला, वास घेतला.

“तू ककाची बाटली पाहून सही केली,” ते म्हणाले, “अन् मी तुही सही पाहून माल वाटला. मी टांगला तो कागद तं कोनी वाचलाच नाही.” मग “माया रूळ एकबी परत नाही आला,” असं म्हणाले, पण या वेळी ते वाक्य तांब्यासारखं मध्ये ठेवलं नाही. हळूच खाली ठेवलं.

ते जेवले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, पोट भरलेलं आहे. आईने मला विचारलं नाही. तिने पालकाची भाजी उचलून बाहेर नेली आणि भांडं दोनदा घासलं.

रविवारी विहारात वंदना झाली. बाबा दरवेळी टोपली घेऊन शेवटच्या रांगेत बसायचे. त्या दिवशी रिकाम्या हाताने पुढे जाऊन उभे राहिले. मी बायकांच्या बाजूला खांबाआड होते. ते माझं नाव घेतील म्हणून मी खांबाला आणखी चिकटले.

“जय भीम,” ते म्हणाले. “मी जी भाजी वाटली, तिच्यात दोष निंगाला. पाणी खराब होतं. कागद मी टांगला होता, चूक माही आहे. ज्याच्या घरी कोथिंबीर, मुळे असतीन, त्यानं फेकून द्या. बाकी भाजी फ्रीजात असन तं तेबी. माल वापस.”

मग मागून एक आजी म्हणाल्या, “माल तं कवाचा वापस गेला, भाऊ. तुमच्या पोरीच्याच प्लांटात!”

विहार हसून हसून हलला. ध्यानाचा वर्ग घेणारे गंभीर गृहस्थही हसले. बाबा ताठ उभे होते, हात मागे बांधून, जसे ते खराब रुळापाशी उभे राहत असतील. पोटुश्या सुनेची सासू मात्र हसली नाही. ती उठून बाबांजवळ गेली, हळू आवाजात काहीतरी विचारलं, बाबांनी हळू आवाजात उत्तर दिलं. सूनबाई ठीक होत्या, पुढेही ठीक राहिल्या, मूलही ठणठणीत झालं. पण ते कळेपर्यंतचे दोन महिने बाबा रोज संध्याकाळी त्यांच्या दारावरून एक चक्कर मारायचे, पाय मोकळे करायला म्हणून. त्यांचे पाय तिकडे मोकळे व्हायचं काही कारण नव्हतं. तो रस्ता पुढे दहा पावलांवर संपत होता.

पट्टीवरची पालेभाजी त्यांनी उपटली. मी मदतीला गेले. मुळे फार सुंदर आले होते. मग बांधावर बसून त्यांनी विचारलं, “अडीचचं पाणी खरंच साफ असते का?”

मी त्यांच्या पंपापाशी नाल्यातून आठवडाभर नमुने घेतले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तळाचे, काठाचे, जिथे सडलं असेल तिथलेही. मग सांगितलं: दुपारचं बरं असतं. कच्चं खायच्या भाजीला नाही. पण उंच वाढणारं, शिजवून खायचं काही असेल, पाणी फक्त मुळाला द्याल, फळाला लागू देणार नाही, तर चालेल. माझ्या आयुष्यातलं ते सर्वात लांब मराठी भाषण होतं. बाबांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि खाली मला सही करायला लावली. मी आधी सगळं वाचलं.

आता अडचण अशी की टाकी रोज एकाच वेळी निवळत नाही. सणाला उशीर होतो, पाऊस पडला की दिवसभर नाही. ते डोळ्यांनी ओळखणारा माणूस आमच्याकडे एकच होता. मी ककांना विचारलं. नमुन्यावरून ते अजून माझ्यावर रुसलेले होते. दहाचं पाणी मी लॅबमध्ये नेते हे त्यांना माझ्या संस्कारांतलं वैगुण्य वाटे. पण भाजीसाठी चांगलं पाणी हवं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

“ये बात पहले बोलना था, मैडम!”

तेव्हापासून कका टाकीपाशी जाऊन बघतात, आणि पाणी नितळ झालं की बाबांच्या मोबाइलवर मिस्ड कॉल देतात. बाबा फोन उचलत नाहीत, स्कूटर काढतात. दोघं दोनदाच भेटले आहेत. वर पाठवलेल्या तक्त्याचंही उत्तर आलं, चार महिन्यांनी. नमुना योग्य वेळी घेतला जात असल्याची खात्री करावी, असं त्यात होतं. मी खात्री केली. दहा वाजता घेतला जातो.

नापास तक्त्यावर बाबांनी लाल खडूने मोठी फुली मारली, मग तो लॅमिनेट करून फाटकाला जुन्याच्या जागी बांधला. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. बाबा म्हणाले, पास टांगला तर फेलही टांगला पाहिजे, ड्यूटी ती ड्यूटी.

वांगी आली त्या दिवशी मी सुटीवर होते आणि फाटकापाशी टोपलीतला पाला वेगळा करत होते. समोरच्या मावशी आल्या. कागदापाशी थांबल्या, चष्मा नव्हता, तरी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नवा कागद आला वाटते.”

“हो,” बाबा म्हणाले. “फेल आहे. हे पाहा, फुली.”

“बरं. सही आहे ना पोरीची?”

“आहे.”

“मंग द्या पालक.”

“पालक नाही, बाई, पाणी फेल आहे म्हणून तं सांगून राहिलो. वांगे आहेत. दुपारच्या पाण्याचे. शिजवून खाजा.”

मावशींनी वांगी पदरात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. “बापानं तं लयच नाटकं लावले रे देवा. कागद आहे, सही आहे, अजून काय पाह्यजे माणसाले?”

मावशी उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. बाबाही माझ्याकडे बघत होते. मी पाला खाली ठेवला आणि फाटक उघडून बाहेर गेले.

“मावशी,” मी म्हटलं, “या इकडे. काय लिहिलं आहे ते मी वाचून दाखवते.”